मधली पायरी

मागच्या गणेशोत्सवात जेवणाच्या रांगेत माझ्यामागे उभ्या असलेल्या एका काकांनी खांद्यावर हात ठेवून विचारले, "काय रे, फायटर विमान घेतलंस म्हणे?" त्यांच्या ताटात मसालेभात पडेपर्यंत मी खुलासा केला खरा, पण तोवर बातमी पुढच्या दोन-तीन टेबलांपर्यंत गेली होती. त्यामुळे स्मरणिकेसाठी 'या वर्षी काहीतरी लिहाच' असा निरोप आला तेव्हा ठरवले, की एकदाचे काय ते लिहूनच टाकावे.

तर मंडळी, मी फायटर विमान घेतलेले नाही. आमच्या अ‍ॅशबर्नच्या टाउनहाऊसच्या गॅरेजमध्ये दोन सायकली आणि कॉस्टकोचे पेपर टॉवेल ठेवल्यावर गाडीच जेमतेम मावते. मी एवढेच केले, की गेल्या उन्हाळ्यात एका निवृत्त लष्करी जेट विमानात, एका निवृत्त लष्करी वैमानिकाच्या हाताखाली सहा धडे घ्यायचे ठरवले. त्यातला पहिला जमिनीवरच झाला, चार हवेत झाले आणि एक झालाच नाही. मला सांगायचे आहे ते मुख्यतः त्या न झालेल्या धड्याबद्दल.

साधे विमान मी दहा-बारा वर्षांपासून उडवतो. लीसबर्गच्या विमानतळावर शिकलो. आपल्यापैकी बरेच जण शनिवारी मुलांना सॉकरला सोडतात, तसा मी महिन्यातून दोनदा भाड्याचे सेस्ना घेऊन कंबरलँड किंवा शार्लट्सव्हिलला जाऊन कॉफी पिऊन येतो. वॉशिंग्टनभोवतीच्या तीस सागरी मैलांच्या आकाशाला २००१ नंतर खास नियम लागले, त्यामुळे आमच्याकडे साध्या फेरफटक्यालाही आधी फ्लाइट प्लॅन आणि ठरलेला कोड लागतो. त्याचीही सवय झाली.

जेटचे खूळ मात्र जुने. ते माझे नव्हे, ओझरचे. नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ साली मिग-२१ साठी उभा राहिला. माझे बाबा १९७२ साली तिथे लागले आणि साठी पूर्ण होईपर्यंत तिथेच होते. आमच्या वसाहतीत मुलांना घड्याळ बघायला शिकवावे लागत नसे. चाचणी उड्डाणाचे मिग डोक्यावरून गेले, की शाळेतल्या बाई खडू हातात धरून थांबत, आणि आवाज विरला की पुढचे वाक्य सुरू करत. बाबांनी आयुष्यभर ती विमाने जोडली, उघडली, पुन्हा जोडली. मिगमध्ये बसून आकाशात मात्र ते कधीच गेले नाहीत. कारखान्यातला माणूस कसा जाणार?

आता ही जेट विमाने सामान्य माणसाच्या हाती येतात कशी, ते सांगतो. मी ज्यात शिकलो ते एल-३९ अल्बाट्रॉस. झेकोस्लोव्हाकियात तयार झालेले आणि १९६८ साली पहिल्यांदा उडालेले हे दोन आसनी विमान. पुढे विद्यार्थी, मागे जरा उंचावर शिक्षक. अशी सुमारे २९०० विमाने बनली. सोव्हिएत संघ आणि त्याच्या मित्रराष्ट्रांतली मुले मिगमध्ये बसण्याआधी जी विमाने उडवत, त्यांतले हे एक. सोव्हिएत संघ कोसळल्यावर ही विमाने मोडीत निघाली, आणि अमेरिकेतल्या हौशी लोकांनी ती आणून, दुरुस्त करून उडती केली. सरकार त्यांना 'एक्सपेरिमेंटल' म्हणून नोंदते. कॉकपिटच्या काठावर तो शब्द मोठ्या अक्षरांत रंगवावा लागतो. आत एक पाटी असते. नेहमीच्या विमानांना लागू असलेले सुरक्षेचे नियम हे विमान पाळत नाही, असे तिच्यावर सरळ लिहिलेले असते.

अशा विमानाचे कप्तान व्हायला साधे लायसन्स पुरत नाही. त्या जातीच्या विमानाचे नाव घालून वेगळी परवानगी लागते आणि ती परीक्षकासमोर उड्डाण करून मिळवावी लागते. पैसे घेऊन शिकवायचे तर त्यालाही एफएएचे खास पत्र लागते. २०२१ साली एका जुन्या लढाऊ विमानावरच्या शिकवणीचे प्रकरण कोर्टात गेले, तेव्हा या पत्रावरून बराच गोंधळ झाला. शेवटी डिसेंबर २०२२ मध्ये काँग्रेसने कायदा करून स्वतःच्या विमानात शिकणाऱ्यांची त्यातून सुटका केली. माझ्यासारख्या, दुसऱ्याच्या विमानात पैसे देऊन शिकणाऱ्याला मात्र ते पत्र असलेलाच शिक्षक शोधावा लागतो. मला तो ब्लू रिजच्या पलीकडे एका लहानशा विमानतळावर सापडला.

माझे हे शिक्षक सत्तरीला टेकलेले. अमेरिकन हवाई दलात टी-३८ या विमानावर तरुण पोरांना शिकवण्यात त्यांची बरीच वर्षे गेलेली, नंतर एअरलाइनमध्ये नोकरी. बोलणे कमी. पहिल्या दिवशी मी नवा फ्लाइंग सूट घालून गेलो (हो, घेतला होता, हसा!). त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिले आणि म्हणाले, "छान आहे. आज उडायचं नाहीये."

तो सगळा दिवस हँगरमध्ये गेला. कॉकपिटमध्ये बसून डोळे मिटायचे आणि ते म्हणतील त्या बटणावर हात ठेवायचा. चुकलो की पुन्हा पहिल्यापासून. इजेक्शन सीटवर दोन तास. ही सीट जमिनीलगत काम करायची तर विमानाचा वेग निदान ताशी १५० किलोमीटर हवा. त्याखाली ती खुर्ची म्हणजे नुसती खुर्ची. ब्रेक पायाशी नाही, स्टिकवरच्या लिव्हरला. नाकाखालचे चाक आपोआप वळते, त्याला स्टिअरिंग नाही. त्यामुळे पहिल्यांदा टॅक्सी करताना मी नुकताच चालायला शिकलेल्या बाळासारखा या कडेकडून त्या कडेला गेलो.

पण दिवसातला सर्वात मोठा धडा इंजिनाचा होता. सेस्नात थ्रॉटल पुढे ढकलला की लगेच ताकद मिळते. या इंजिनाला अगदी कमी चालीवरून पूर्ण ताकदीवर यायला दहा सेकंदांच्या आसपास लागतात. "दहा मोज," ते म्हणाले. मी मोठ्याने मोजले. हँगरमध्ये शांत बसूनसुद्धा ते फार लांब वाटले. "जमिनीपासून दोनशे फुटांवर असताना तुला ताकद हवीशी वाटली, तर ती तू आधीच मागितलेली असायला हवी."

हे ऐकायला सोपे आहे. पुढच्या आठवड्यात हवेत गेल्यावर कळले, की मला ते अजिबात येत नाही. माझे सेस्ना ज्या वेगाने शार्लट्सव्हिलला जाते, जवळजवळ त्या वेगाने हे विमान धावपट्टीवर उतरते. मी रेडिओवर एक वाक्य बोलून संपवेपर्यंत वळायची जागा मागे गेलेली. मागून शांत आवाज येई, "विमान पुढे गेलं. तू अजून तिथेच आहेस." तिसऱ्या धड्याला उतरताना वेग कमी होतोय हे माझ्या उशिरा लक्षात आले. घाईने थ्रॉटल ढकलायला गेलो, तर तो आधीच पुढे होता. त्यांनी मागच्या सीटवरून तो केव्हा ढकलला मला कळलेही नव्हते. त्यांना माझी चूक माझ्याआधी दहा सेकंद दिसली होती. खाली उतरल्यावर ओरडले नाहीत. कागदावर धावपट्टी काढली आणि त्यावर एक फुली मारली. "तू इथे ठरवलंस." मग बरीच मागे दुसरी फुली. "इथे ठरवायचं होतं."

बाबा तेव्हा आमच्याकडेच होते. आई गेल्यापासून ते उन्हाळ्यात येतात. दर खेपेला त्यांना एकदा डलेसजवळच्या उडवार-हेझी संग्रहालयात न्यावे लागते. लोक डिस्कव्हरी यान, कॉन्कॉर्ड बघायला जातात. बाबा मिग-२१ समोर जाऊन हात मागे बांधून उभे राहतात, घरच्या माणसाला भेटायला आल्यासारखे. माझ्या शिकवणीला मात्र त्यांचा साफ विरोध होता. "सैन्याने टाकून दिलेल्या विमानात पैसे देऊन बसायचं? आणि तेही मुलगी कॉलेजला जायच्या वयात आल्यावर?" त्यांच्या नातीच्या आईने लगेच अनुमोदन दिले. एका तासाला मोजलेल्या पैशांत पुण्याचे जाऊन-येऊन तिकीट निघाले असते, हेही तिने जाता जाता सांगितले.

पाचव्या धड्याला बाबा म्हणाले, "मी येतो. बघू दे विमान." 

हँगरमध्ये गेल्यावर ते माझे बाबा राहिले नाहीत. पंचाहत्तरीचा माणूस विमानाच्या पोटाखाली वाकून तेलाचा डाग शोधत होता. पॅनेलवरच्या काही पाट्या अजून रशियनमध्ये आहेत, त्या त्यांनी वाचून दाखवल्या. तंत्राच्या पुस्तकांसाठी तरुणपणी शिकलेली ती लिपी त्यांच्या अजून लक्षात होती. मग त्यांनी मेकॅनिककडे लॉगबुक मागितले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले, पण मेकॅनिक खूश झाला. दोघे तासभर त्या वहीवर वाकून बसले. बाबांचे इंग्रजी त्याला आणि त्याचे बाबांना किती कळले देवाला ठाऊक. शेवटी बाबांनी वही मिटली आणि मला मराठीत म्हणाले, "स्वच्छ आहे. जा."

पण त्या दिवशी मी गेलोच नाही. शिक्षकांनी हवामान बघितले. वारा धावपट्टीला थोडा आडवा होता, तरी चालण्यासारखा. मग त्यांनी विचारले, "काल रात्री किती झोपलास?" आदल्या रात्री क्लायंटकडे डेटाबेस नव्या सर्व्हरवर हलवायचा होता आणि ते काम पहाटे तीनला संपले होते. मी म्हटले, "चार तास. पण ठीक आहे मी. कॉफी झालीय." ते म्हणाले, "आज नाही."

मी सांगून पाहिले, की सुट्टी घेतली आहे, दीड तास गाडी चालवून आलो आहे, बाबा भारतातून आले आहेत. पैशांचा उल्लेखही केला, ही कबुली द्यायला हवी. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "पैसे परत मिळतील. आज नाही." आणि बाबांसाठी कॉफी ओतायला गेले.

मग त्या दोघांच्या गप्पा सुरू झाल्या. मी रुसून बाजूला बसलो होतो. शिक्षकांनी बाबांना विचारले, की तुमची मुले मिगमध्ये बसण्याआधी काय उडवत? बाबांनी सांगितले. किरण, पोलंडहून आणलेले इस्क्रा, आणि त्यानंतर मिगच. मिगची दोन आसनी आवृत्ती होती, शिक्षक मागे बसत, पण होते ते मिगच. धावपट्टीकडे येतानाच ताशी तीनशे किलोमीटरच्या वर वेग. शिक्षक बराच वेळ काही बोलले नाहीत. "मोठी उडी आहे," एवढेच म्हणाले.

परतताना रूट ७ वर मी म्हटले, "बाबा, आपण हे एल-३९ घ्यायला हवं होतं, नाही?"

"अरे, विमानाचा प्रश्न नव्हता," ते म्हणाले. "इस्क्रा काय, किरण काय, हे काय, थोडं इकडेतिकडे. त्याच्या वरची पायरी नव्हती. किरण आणि मिगच्या मधली. ती हवी, हे सगळ्यांना माहीत होतं."

सगळ्यांना माहीत होते हे खरेच. १९८२ साली एअर मार्शल ला फाँतेन यांच्या समितीने प्रगत जेट प्रशिक्षण विमान घ्यावे अशी शिफारस केली होती. ब्रिटिश हॉक विमानांचा करार झाला मार्च २००४ मध्ये आणि पहिली हॉक विमाने बिदरच्या तळावर हवाई दलात दाखल झाली फेब्रुवारी २००८ मध्ये. मधे २६ वर्षे गेली. त्या वर्षांत किती तुकड्या बाहेर पडल्या असतील! मिग-२१ च्या अपघातांचे खापर एकट्या प्रशिक्षणावर फोडता येणार नाही. इंजिने बंद पडतात, पक्षी धडकतात, काळोख फसवतो. पण ती पायरी नव्हती, हेही तितकेच खरे.

बाबा पुढे बोलत राहिले. कधी नव्हे ते इतके बोलले. "विमान ताब्यात घ्यायला पायलट यायचे आमच्याकडे. तरुण पोरं. कॅन्टीनला जेवायची, थट्टा करायची. पुढे कधी पेपरात अपघाताची बातमी यायची. मी आधी विमानाचा नंबर शोधायचो, मग नाव. लाज वाटायची त्याची. पण हात आधी तिकडेच जायचा. आपण लावलेलं काही सुटलं का?"

हे मला माहीत होते, पण असे कधी ऐकले नव्हते. घरी एक डायरी होती. ज्या विमानांना त्यांचा हात लागला, त्यांचे नंबर तिच्यात होते. काही पाने कोपऱ्यात मुडपलेली होती. लहानपणी मी ती सरळ करायला गेलो तेव्हा त्यांनी डायरी हातातून काढून घेतली होती.

"गाडगीळांचा मुलगा आठवतो तुला?" त्यांनी विचारले.

आठवत होता, पण उशिरा कळलेला. मी ऑगस्ट २००१ मध्ये एमएस करायला या देशात आलो. पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्क आणि पेंटॅगॉन झाले. १७ सप्टेंबरला राजस्थानातल्या सुरतगडला रात्रीच्या उड्डाणात मिग-२१ कोसळून पुण्याचे फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ गेले, ही बातमी माझ्यापर्यंत त्या गदारोळात पोचलीच नाही. चौकशीत दोष वैमानिकाकडे गेला. आईवडिलांनी तो मानला नाही. वडील, विंग कमांडर अनिल गाडगीळ, स्वतः हवाई दलातले. आई कविता गाडगीळ यांनी मुलाच्या नावासाठी आणि इतरांच्या मुलांसाठी वर्षानुवर्षे लढा दिला. २००६ साली 'रंग दे बसंती' आला तेव्हा अनेकांना याच घराची आठवण झाली. त्या दोघांनी अभिजितच्या नावाने हवाई सुरक्षेसाठी संस्था काढली. आणि पुण्यात जीत एरोस्पेस इन्स्टिट्यूट सुरू करून दुसऱ्यांच्या मुलांना विमानविद्या शिकवायला घेतली. मला या गोष्टीचे नेहमी नवल वाटते. ज्यांचे सर्वस्व आकाशाने नेले, त्यांनी मुलांना 'आकाशात जाऊ नका' असे म्हटले नाही. 'नीट शिकून जा' म्हटले.

बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तू सेहेचाळीस वर्षांचा. कॉम्प्युटरवाला. हौसेपोटी आलेला, पैसे मोजलेला. तुला तो माणूस म्हणाला, चार तास झोपलास, आज नाही. ही चैन आहे रे. आमच्या पोरांना कोण म्हणणार होतं? त्यांना हुकूम होता."

माझा रुसवा तिथे संपला. मी ज्याला हौस म्हणत होतो, ती कुणाच्या तरी मुलासाठी गरज होती. आणि ती पुरवायला २६ वर्षे लागली होती. हवाई दलातल्या शिक्षकांनी जीव तोडून शिकवले असेलच. पण एका माणसाला घाई न करता, एक-एक पायरी चढवत नेणे म्हणजे काय, हे मला इथे विकत मिळत होते. आणि मी ते पैसे वाया गेले म्हणून कुरकुरत होतो.

सहावा धडा पुढे झाला. बाबा कुंपणाशी उभे होते. त्या दिवशी मी फुलीच्या जागी ठरवले. शिक्षकांनी थ्रॉटलला हात लावला नाही, निदान मला कळेल असा तरी. उतरल्यावर ते म्हणाले, "बरं होतं." त्यांच्या तोंडून हे म्हणजे आपल्याकडचा पहिला नंबर. एकट्याने उडवायची परवानगी मी मागितलेली नाही. तिच्यापर्यंत बऱ्याच पायऱ्या आहेत, आणि मला आता घाई नाही.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला हवाई दलाने मिग-२१ ला शेवटचा निरोप दिला. १९६३ पासून बासष्ट वर्षे. आमच्याकडे मध्यरात्र उलटली होती. बाबा आणि मी बैठकीच्या खोलीत आवाज बारीक करून तो कार्यक्रम बघत होतो. शेवटचे विमान उतरले तेव्हा बाबांनी चष्मा काढून पुसला. मी चहा करायला उठलो. एवढ्यावर ते संपले. आमच्या घरात अशा वेळी चहाच होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या मुलीने गाडीची किल्ली मागितली. तिला लर्नर्स परमिट मिळाले होते. व्हर्जिनियात लायसन्सआधी मोठ्या माणसाला शेजारी बसवून निदान ४५ तास गाडी चालवावी लागते, त्यातले १५ तास सूर्यास्तानंतरचे. आपल्यापैकी ज्यांची मुले या वयाची आहेत, त्यांना हा कागद माहीत आहे. आपण बहुतेक जण तो शेवटच्या आठवड्यात अंदाजाने भरून टाकतो. मीही तसेच करणार होतो.

पण तो कागद आता बाबांच्या ताब्यात होता. ते मागच्या सीटवर बसत. घरी आले की डायनिंग टेबलावर कागद पसरून कारखान्यातल्या त्या ठाशीव अक्षरात लिहीत: तारीख, किती मिनिटे, हवा कशी, रस्ता कोणता. अर्ध्या तासाचा पाऊण तास त्यांनी एकदाही केला नाही. मुलगी कुरकुरली, "आजोबा, सगळे जण थोडं वाढवून लिहितात."

"लिहू देत," बाबा म्हणाले. "आपले पंचेचाळीस पुरे होऊ देत, मग किल्ली तुझी."

ऑक्टोबरमध्ये ते परत गेले तेव्हा ३१ तास झाले होते. उरलेले मी भरले, एकेक मिनिट मोजून.